दोन पांढऱ्यांमधली निवड : एका बैठकीच्या खोलीचे प्रकरण

या प्रकरणातील दांपत्याला बैठकीच्या खोलीसाठी पांढराच रंग हवा होता, याविषयी त्यांच्यात कधीच दुमत नव्हते. दुमत होते ते कोणता पांढरा, याविषयी. शेडकार्डावरच्या असंख्य पांढऱ्या छटा बाद करत करत ते दोन छटांवर येऊन थांबले होते, आणि तिथून पुढे मात्र पाऊल पडत नव्हते. रंगाच्या नावांना तसा फारसा अर्थ नसतो, कारण एकाच नावाचा रंग दोन कंपन्यांमध्ये अगदी वेगळा निघतो. म्हणून इथे मी त्या दोन छटांना त्यांच्या झाकेवरून ‘पिवळट’ आणि ‘करडा’ एवढेच म्हणणार आहे. कार्डावर पाहताना मात्र पहिला पिवळा दिसत नव्हता आणि दुसरा करडाही दिसत नव्हता. दोन्ही पांढरेच दिसत होते, आणि ते एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय त्यांत फरक आहे हेच लक्षात येत नव्हते.

घरमालकीणबाई घरून काम करतात आणि त्यांचा बहुतेक दिवस याच खोलीत जातो. त्यांचे मत पिवळटकडे झुकलेले होते. करडा त्यांना शेवाळल्यासारखा, निर्जीव वाटत होता. त्यांचे पती सकाळी लवकर बाहेर पडतात आणि दिवेलागणीला परततात. त्यांना पिवळट जुनाट, कळकट वाटत होता आणि करडाच खरा पांढरा वाटत होता. दोघेही आपापल्या डोळ्यांनी जे पाहत होते तेच प्रामाणिकपणे सांगत होते. त्यांच्या वादातला पहिला धागा इथेच होता: एकजण खोली दिवसा पाहत होता, दुसरा संध्याकाळी, आणि दोघांनाही असे वाटत होते की आपण एकाच खोलीविषयी बोलत आहोत.

खोलीची स्थिती

खोली लांबट आहे. एका टोकाला बैठक, दुसऱ्या टोकाला जेवणाचे टेबल. बैठकीच्या टोकाला उत्तरेची मोठी खिडकी आहे आणि तिच्याबाहेर दाट पानांचे झाड आहे. जेवणाच्या टोकाला पश्चिमेची लहान खिडकी आहे, जिच्यातून संध्याकाळचे ऊन थेट आत येते. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बहुतेक काळ थेट ऊन येत नाही. तिथून येतो तो आकाशाचा पसरलेला प्रकाश, आणि तो निळसर असतो. प्रकाश किती निळसर किंवा पिवळसर आहे हे सांगणाऱ्या मापाला रंगतापमान म्हणतात; केल्विनचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळसर. ढगाळ आकाशाच्या प्रकाशाचे रंगतापमान साधारण 6500 केल्विनच्या आसपास धरतात, निरभ्र निळ्या आकाशाचे त्याहून बरेच वर जाते, तर मावळतीच्या उन्हाचे 3000 केल्विनच्याही खाली उतरते. म्हणजे एकाच खोलीच्या दोन टोकांना, दिवसाच्या दोन वेळी, दोन टोकांचा प्रकाश.

फरशी लालसर तपकिरी, लाकडासारखी दिसणारी आणि चांगलीच गुळगुळीत आहे. ती बदलायची नव्हती. दारांच्या चौकटी आणि भिंतीच्या तळाच्या पट्ट्या आदल्याच वर्षी शुभ्र पांढऱ्या, चकाकणाऱ्या रंगाने रंगवलेल्या होत्या. त्यांनाही हात लावायचा नव्हता. सोफा राखाडी. भिंतींवर जुना फिकट गुलाबी रंग होता. छतातले दिवे 6500 केल्विनचे आणि जेवणाच्या टेबलावरचा लोंबता दिवा 3000 केल्विनचा, असा दिव्यांचाही मेळ नव्हता.

ही यादी मी मुद्दाम आधी देत आहे, कारण रंग निवडताना लोक बहुधा कार्डापासून सुरुवात करतात, आणि माझ्या मते सुरुवात न बदलणाऱ्या गोष्टींपासून करायला हवी. या खोलीत न बदलणाऱ्या गोष्टी चार होत्या: खिडक्यांची दिशा, बाहेरचे झाड, फरशी आणि चौकटी. बदलता येण्याजोगी आणि तरीही कोणी विचारात न घेतलेली गोष्ट एकच होती, ती म्हणजे दिवे.

दोन रंगांत नेमका फरक किती

आजच्या जवळजवळ सर्व पांढऱ्या रंगांचा पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडमधून येतो. त्याच्या रुटाइल या स्फटिकरूपाचा अपवर्तनांक (प्रकाशाला वळवण्याच्या क्षमतेचे माप) 2.7 च्या आसपास असतो आणि रंगातल्या बांधणाऱ्या राळेचा 1.5 च्या आसपास. या मोठ्या तफावतीमुळे प्रकाश थरातल्या थरात विखुरला जातो आणि थर पांढरा व अपारदर्शक दिसतो. आपले दोन्ही रंग याच पांढऱ्या बेसमध्ये तयार होणारे होते. पिवळटमध्ये पिवळ्या ऑक्साइडचे आणि त्याहून कमी लाल ऑक्साइडचे काही थेंब पडतात. करड्यामध्ये काळ्याचे आणि अगदी थोडे पिवळ्याचे. काळा आणि पिवळा एकत्र आले की हिरवटपणा येतो, हे टिंटिंग मशीनवर, म्हणजे बेसमध्ये रंगद्रव्य (टिंट) मोजून घालणाऱ्या यंत्रावर, काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. करड्यात जो किंचित हिरवा भास होतो, त्याचे मूळ हेच.

कार्डाच्या मागे दोन्हींचे प्रकाश-परावर्तन मूल्य छापलेले होते: पिवळटचे 85, करड्याचे 82. शून्य म्हणजे सगळा प्रकाश शोषणारा काळा, शंभर म्हणजे सगळा परत फेकणारा पांढरा, अशी ही मोजपट्टी आहे. आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने 1976 साली स्वीकारलेल्या, डोळ्याच्या जाणिवेशी जुळवलेल्या मोजपट्टीवर हेच आकडे बसवले, तर उजळपणा अनुक्रमे सुमारे 93.9 आणि 92.6 येतो. फरक सव्वा एककाचा. या मोजपट्टीवर एका एककाच्या आसपासचा फरक, तोही दोन नमुने एकमेकांना चिकटून ठेवले तर, सरावलेल्या डोळ्याला जेमतेम कळतो. म्हणजे ‘करड्याने खोली अंधारेल’ ही बाईंची जी भीती होती, तिला या आकड्यांत आधार नव्हता. अंधारेपणाचा फरक नगण्य होता. खरा फरक झाकेचा होता, आणि झाकेविषयी परावर्तन मूल्य काहीच सांगत नाही. दोन रंगांची मूल्ये अगदी सारखी असूनही एक गुलाबीकडे आणि दुसरा हिरव्याकडे झुकलेला असू शकतो. हा आकडा उपयोगाचा आहे, पण केवळ त्याच्या भरवशावर दोन पांढऱ्यांत निवड करता येत नाही.

आधीच्या चाचणीने काय चुकीचे सांगितले

दांपत्याने दोन्ही रंगांचे छोटे डबे आणून भिंतीवर पट्टे मारून पाहिले होते. हेतू चांगला होता, पण पट्टे मारले होते ते जुन्या गुलाबी भिंतीवर. कोणत्याही रंगाशेजारी ठेवलेला तटस्थ रंग त्या शेजाऱ्याच्या विरुद्ध रंगाकडे झुकलेला दिसतो. गोबेलँ या फ्रेंच सरकारी विणकाम कारखान्यात रंगाई विभाग सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजीन शेव्रॉल यांनी या गोष्टीचा छडा लावला होता. तिथल्या काळ्या धाग्याला पुरेसा काळेपणा नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासाअंती त्यांना दिसले की रंगाईत दोष नाही. काळ्या धाग्याशेजारी विणलेल्या रंगांमुळे तो काळा तसा दिसतो आहे. शेजाराच्या या परिणामाविषयीचे त्यांचे विवेचन 1839 साली प्रसिद्ध झाले.

आपल्या खोलीत नेमके हेच घडत होते. गुलाबीच्या विरुद्ध बाजूला हिरवा. त्यामुळे गुलाबी भिंतीवरचा करडा पट्टा, ज्याच्या अंगात आधीच किंचित हिरवी झाक होती, तो दुप्पट हिरवट दिसू लागला. बाईंना जे ‘शेवाळल्यासारखे’ वाटत होते, त्यातला बराच भाग करड्याचा नव्हता, तर ज्या गुलाबीवर पट्टा मारला होता तिचा होता, आणि ती गुलाबी भिंत रंगकामानंतर शिल्लकच राहणार नव्हती. उलट पिवळट पट्टा त्याच गुलाबीवर बरा दिसत होता, कारण त्यातल्या लालसर-पिवळ्या झाकेची धार गुलाबीने बोथट केली होती.

दुसरी अडचण कागदाची होती. कोणता रंग ‘जास्त पांढरा’ हे ठरवण्यासाठी पतीने छपाईचा कोरा कागद दोन्ही पट्ट्यांवर धरून पाहिला होता. हा प्रकार मला फार ठिकाणी दिसतो आणि प्रत्येक वेळी तो निवड भरकटवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. छपाईच्या कागदात बहुधा उजळपणा आणणारी अशी द्रव्ये घातलेली असतात, जी डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. खिडकीपाशी, जिथे थोडाफार अतिनील प्रकाश पोहोचतो, तिथे कागद त्यामुळे निळसर शुभ्र होऊन चमकतो, आणि भिंतीचा साधा रंग त्याच्यापुढे पिवळाच ठरतो. संध्याकाळी नेहमीच्या एलईडी दिव्याखाली अतिनील प्रकाश नसल्यातच जमा असतो, म्हणून तिथे तोच कागद फारसा चमकत नाही. ज्या मापाची लांबी दिवसातून बदलते, त्या मापाने काही मोजू नये. भिंतीच्या पांढऱ्याची तुलना करायची तर घरात कायम राहणाऱ्या पांढऱ्याशी करावी. या घरात तो पांढरा चौकटींचा होता.

तिसरी गोष्ट लहान, पण लक्षात ठेवण्याजोगी. नमुन्याच्या छोट्या डब्यात पडणारे टिंटचे प्रमाण इतके थोडे असते की मशीनला ते अचूक मोजणे कठीण जाते. बादलीभर रंगात जी चूक जाणवणार नाही, ती छोट्या डब्यात झाकेचा तोल बदलू शकते, आणि पांढऱ्याच्या बाबतीत तर झाक हाच सगळा विषय असतो. म्हणून पुन्हा नमुने घेताना मी एक-एक लिटरचे डबे तयार करून घ्यायला सांगितले.

नवी चाचणी

रंग लावून पाहण्यासाठी पांढरे प्रायमर (रंगाआधीचा तळाचा थर) दिलेले चार मोठे फळे घेतले. दोन फळ्यांना पिवळटचे दोन हात दिले, दोन फळ्यांना करड्याचे, आणि पूर्ण वाळू दिले. पाण्यात मिसळणारा इमल्शन रंग ओला असताना दुधाळ आणि फिका दिसतो. वाळल्यावर तो किंचित गडद होतो, म्हणून ओल्या रंगावर मत बनवू नये. फळे जमिनीवर आडवे ठेवले नाहीत, कारण आडव्या पृष्ठभागावर पडणारा प्रकाश आणि उभ्या भिंतीवर पडणारा प्रकाश सारखा नसतो. ते भिंतीला टेकवून, तळ फरशीपर्यंत आणि एक कड चौकटीला लागून, असे उभे केले. मागची गुलाबी भिंत पांढऱ्या चादरीने झाकली.

मग एकाच रंगाचे दोन फळे काटकोनात, उघड्या पुस्तकासारखे जोडून ठेवले आणि आतल्या कोपऱ्याकडे पाहायला सांगितले. या संपूर्ण प्रकरणातला निर्णायक क्षण हाच होता. सुटा असताना पिवळट फळा स्वच्छ पांढरा दिसत होता. दोन फळे काटकोनात येताच आतल्या घडीत, जोडापासून वीतभर अंतरापर्यंत, स्पष्ट सायीचा रंग उतरला. करड्याच्या जोडीत घडीपाशी थोडी सावली गडद झाली, पण तिचा रंग पालटला नाही. बाई बराच वेळ त्या दोन कोपऱ्यांसमोर उभ्या होत्या. कार्डावर जो फरक त्यांना दिसत नव्हता, तो आता दोघांनाही लांबूनही दिसत होता.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण छोट्या कार्डावरचा पांढरा अख्ख्या खोलीत ‘पिवळा कसा झाला’, या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर त्यातच आहे. खोलीतल्या भिंतीवर पडणारा सगळा प्रकाश थेट खिडकीतून किंवा दिव्यातून येत नाही. त्यातला मोठा भाग समोरच्या आणि बाजूच्या भिंतींवरून, छतावरून आणि फरशीवरून परतून येतो. दर वेळी भिंतीवर आपटताना तो थोडा थोडा भिंतीच्या झाकेत भिजतो. उदाहरणादाखल असे धरू की पिवळट रंग लाल टोकाकडचा प्रकाश 86 टक्के आणि निळ्या टोकाकडचा 78 टक्के परत फेकतो, आणि करडा अनुक्रमे 82 आणि 80 टक्के. एकाच परावर्तनानंतर पिवळटमध्ये लाल प्रकाश निळ्याच्या 1.10 पट असतो. तीन परावर्तनांनंतर लाल 64 टक्के उरतो आणि निळा 47 टक्के, म्हणजे प्रमाण 1.34 पटीवर जाते. करड्यात तीन परावर्तनांनंतर 55 आणि 51 टक्के उरतात, म्हणजे 1.08 पट. करडा तीनदा परतल्यानंतरही, पिवळट एकदा परतल्यावर जेवढा पिवळा असतो तेवढा पिवळा होत नाही. कार्ड आपल्याला फक्त पहिले परावर्तन दाखवते. खोली सगळी परावर्तने एकत्र दाखवते. खऱ्या खोलीत खिडक्या, फरशी, सामान असते आणि प्रकाश त्यांत शोषला जातो, म्हणून सगळा प्रकाश तीन-तीनदा परतत नाही. पण दिशा हीच राहते, आणि कोपऱ्यांत व छताजवळ ती सर्वांत जास्त जाणवते.

त्यात या खोलीची फरशी लालसर. खिडकीतला आकाशाचा प्रकाश वरून तिरका खाली येतो, म्हणजे तो आधी फरशीवर पडतो आणि तिथून लाली घेऊन भिंतीच्या खालच्या भागावर आणि छतावर जातो. करड्या फळ्याच्या तळाशी, फरशीपासून हातभर उंचीपर्यंत, त्याची हिरवी झाक जवळजवळ नाहीशी झाली होती. फरशीच्या लालीने ती पुसून टाकली होती. पिवळट फळ्याच्या तळाशी मात्र लालीत पिवळेपणा मिसळून फिकट पीच रंग दिसत होता.

‘उत्तरेची खोली, म्हणून ऊब असलेला पांढरा घ्या’ असा सल्ला या दांपत्याला आधी मिळालेला होता. तो सल्ला निराधार नाही. करडी किंवा पांढरी फरशी असती आणि पश्चिमेची खिडकी नसती, तर मीही कदाचित तेच सांगितले असते. पण तो नियम फक्त खिडकीकडे पाहतो. या खोलीत उबेचे दोन स्रोत आधीच हजर होते, फरशी आणि पश्चिमेचे ऊन, आणि त्यात तिसरा मिसळला की खोली पांढऱ्यातून निसटून सायीच्या रंगात जात होती. दोघांनाही ती तशी नको होती. ‘क्रीम नको’ हे वाक्य दोघांच्याही तोंडी पहिल्या भेटीपासून होते.

चौकटी

डोळा खोलीतल्या सर्वांत उजळ आणि तटस्थ पृष्ठभागाला पांढरा मानतो आणि बाकीचे सगळे त्याच्या तुलनेत जोखतो. चौकटी शुभ्र होत्या, चकाकत्या होत्या, आणि प्रत्येक दारापाशी, प्रत्येक भिंतीच्या तळाशी भिंतीला भिडलेल्या होत्या. त्यामुळे भिंतीचा पांढरा कधीच एकटा दिसणार नव्हता. चौकटीच्या कडेला पिवळट धरला की तो मळकट दिसत होता. बारा महिने न पुसलेल्या भिंतीचा भास होत होता. पतीला ‘कळकट’ वाटत होते ते हेच, आणि ते रास्त होते. करडा त्याच कडेला धरला की चौकट थोडी उजळ आणि भिंत थोडी शांत, असा फरक दिसत होता, पण तो मळासारखा वाटत नव्हता. आपल्या डोळ्याला पिवळेपणा आणि जुनाटपणा यांची सांगड फार लवकर घालता येते. जुने तेलरंग वर्षानुवर्षे पिवळे पडत आलेले आपण पाहिलेले असतात, त्यामुळे शुभ्राशेजारचा पिवळट हा ‘निवडलेला’ न वाटता ‘झालेला’ वाटतो.

चौकटी पुन्हा रंगवता आल्या असत्या तर? हा पर्याय आम्ही तपासला. पिवळट भिंतीसह चौकटीही पिवळट केल्या असत्या तर मळकटपणाचा प्रश्न सुटला असता, हे खरे. कारण तुलनेला शुभ्र काही उरलेच नसते. पण फरशीचा आणि कोपऱ्यांचा प्रश्न तसाच राहिला असता, आणि धड असलेले काम उखडावे लागले असते. पिवळटचाच टिंट निम्मा करून घ्यावा, अशीही सूचना रंगाऱ्याने केली. ही पद्धत प्रचलित आहे आणि कित्येकदा उपयोगी पडते. इथे ती नको म्हणण्याचे कारण एवढेच की निम्मा केला तरी झाकेची दिशा तीच राहते, आणि या खोलीत अडचण दिशेचीच होती.

दिवे

करड्याच्या विरुद्ध एक गोष्ट मात्र अजून उभी होती आणि ती टाळण्यासारखी नव्हती. ढगाळ दुपारी, उत्तरेच्या खिडकीतून झाडाच्या पानांतून गाळून आलेल्या प्रकाशात, खिडकीसमोरची भिंत करड्या रंगात थंड आणि थोडी उदास दिसत होती. गुलाबी भिंत झाकल्यावर हिरवटपणा निम्म्याने कमी झाला होता, पण शून्य झालेला नव्हता. आणि दिवसभर त्या भिंतीसमोर बसणार होत्या त्या बाई. खोली जो सर्वांत जास्त वापरतो त्याच्या तक्रारीला सर्वांत जास्त वजन असले पाहिजे, असे मी मानते, म्हणून हा मुद्दा बाजूला सारून करडा लादणे योग्य झाले नसते.

इथे दिव्यांचा विचार पुढे आला. भिंतीचा रंग वर्षानुवर्षे तोच राहणार. दिवा काही मिनिटांत बदलता येतो. छतातले 6500 केल्विनचे दिवे ढगाळ आकाशाइतकेच निळसर होते, त्यामुळे दुपारी ते लावले तरी भिंतीची उदासी हटत नव्हती. ते काढून सगळीकडे 3000 केल्विनचे दिवे घ्यायचे ठरले, म्हणजे टेबलावरच्या दिव्याशीही मेळ बसला. रंग दाखवण्याच्या क्षमतेचा निर्देशांक 90 च्या वर असलेलेच दिवे घेतले. हा निर्देशांक आठ फिकट नमुन्यांच्या सरासरीवरून काढतात आणि त्यात गडद लालचा समावेश नसतो. तो आर-नाइन या नावाने वेगळा दिलेला असतो. या घरात लालसर फरशी आणि लाकडी टेबल असल्यामुळे तो आकडाही पाहून घेतला. त्याशिवाय खिडकीसमोरच्या भिंतीवर, वरून खाली प्रकाश टाकणारा एक स्वतंत्र दिवा, वेगळ्या बटणावर, असा घेतला, जो ढगाळ दुपारी एकटाच लावता येईल.

मग दोन्ही जोड्या नव्या दिव्यांखाली पुन्हा पाहिल्या. दोन रंग एका प्रकाशात सारखे आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसू शकतात, म्हणून दिवे बदलल्यावर नमुने पुन्हा पाहणे टाळता येत नाही. 3000 केल्विनखाली पिवळट उघडउघड पिवळा झाला. करडा मात्र तटस्थ, किंचित उबदार पांढरा दिसू लागला. खिडकीसमोरच्या भिंतीवरचा दिवा भर दुपारी लावून बाईंनी करड्या फळ्यापुढे आपली कामाची खुर्ची ठेवली आणि नेहमीचे काम करत तो अख्खा दिवस काढला. संध्याकाळी त्यांनी करड्याला होकार दिला, आणि तोही नाइलाजाने दिलेला नव्हता.

काम आणि नंतरची स्थिती

भिंतींवर लांबी (पुट्टी) भरून, घासून, पांढऱ्या प्रायमरने आधी गुलाबी पूर्ण झाकला. फिक्या टिंटच्या पांढऱ्याची झाकण्याची ताकद मर्यादित असते. प्रायमरशिवाय दोन हात दिले असते तर गुलाबी खालून डोकावला असता आणि इतकी तपासून घेतलेली झाक वाया गेली असती. सगळ्या बादल्या एकाच दिवशी टिंट करून घेतल्या आणि रंगाऱ्याने त्या एका मोठ्या पिंपात एकत्र ढवळून मगच भिंतीला रंग लावला, जेणेकरून बादली-बादलीतला बारीक फरक भिंतीच्या मधोमध उमटू नये. फिनिश सर्व भिंतींना मॅटच, म्हणजे चकाकी नसलेले, ठेवले. जेवणाच्या टोकाला पुसता यावे म्हणून सॅटिन (किंचित चकाकीचे) घ्यावे असा विचार झाला होता, पण एकाच सलग भिंतीवर दोन फिनिश आले की एकाच डब्यातला रंगही दोन छटांचा दिसतो, आणि इतक्या फिक्या रंगात तो सांधा लपला नसता. त्याऐवजी धुता येणारे मॅट घेतले. छताला टिंट न घातलेला साधा पांढरा दिला. छतावर जो प्रकाश पोहोचतो तो बराचसा फरशीवरूनच येतो, त्यामुळे त्याला ऊब आपसूक मिळते.

काम झाल्यावर खोली दिवसा पांढरी दिसते, कोपऱ्यांत साय उतरलेली नाही, आणि चौकटी भिंतीपासून नीट उठून दिसतात. अगदी काळवंडलेल्या पावसाळी दुपारी, वेगळा दिवा न लावता, खिडकीसमोरची भिंत अजूनही थोडी राखाडी दिसते. हे आधी सांगितलेले होते आणि ते स्वीकारूनच निर्णय झाला होता. संध्याकाळी पश्चिमेचे ऊन आत आले की जेवणाचे टोक काही वेळ नारिंगी होऊन जाते. ते कोणत्याही पांढऱ्याने थांबले नसते, आणि या घरात ते कोणाला थांबवायचेही नव्हते.

बैठकीला लागून आत जाणाऱ्या बोळाचा प्रश्न शेवटी उरला. त्याला खिडकी नाही, तो पूर्णपणे दिव्यांवर चालतो, आणि तिथे पिवळट घ्यावा असे पतीच्या वडिलांचे म्हणणे होते. बोळ एकटा असता तर त्यांचे म्हणणे मान्य करण्यात काही वावगे नव्हते. पण बैठकीत उभे राहून पाहिले की बोळाची भिंत आणि बैठकीची भिंत एकाच नजरेत येतात, मध्ये दार नाही, आणि त्या कडेवर दोन पांढरे समोरासमोर आले असते. म्हणून बोळालाही करडाच दिला, दिवे तेच 3000 केल्विनचे ठेवले, आणि टिंटचे सूत्र छापलेली चिठ्ठी, तारखेसह, शिल्लक रंगाच्या डब्याच्या झाकणावर चिकटवून ठेवली.